शेवटचा हात, पहिली सही

२७ जानेवारी २०१८, शनिवार. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात एका वयस्कर बाईंना एमआरआय तपासणीसाठी नेलं जात होतं. त्यांना प्राणवायू लावलेला होता, सोबत घरची माणसं होती. त्यांच्यातला बत्तीस वर्षांचा एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्राच्या चुंबकानं ते लोखंडी सिलिंडर ओढून घेतलं आणि त्याच्याबरोबर त्यालाही. सिलिंडरमधून सुटलेल्या वायूनं त्याचा जीव घेतला. यंत्र बंद आहे, काही होत नाही, असं वॉर्डबॉयनं आपल्याला सांगितलं होतं, अशी नातेवाइकांची तक्रार होती.

पोलिसांनी तेव्हाच्या भारतीय दंडविधानातल्या ३०४ अ कलमाखाली, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा, गुन्हा नोंदवला. एका डॉक्टरला आणि वॉर्डबॉयला अटक झाली. राज्य सरकारनं कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली. काही दिवस बातमी चालली आणि मग आपण पुढे सरकलो.

त्या प्रकरणात कोण दोषी हे ठरवणं कोर्टाचं काम आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. असं काही घडलं की पोलिस, पत्रकार, मंत्री आणि आपण मोबाइलवर बातमी वाचणारे, सगळे एकच गोष्ट शोधतो: शेवटचा हात कुणाचा होता? सिलिंडर कुणी दिलं, बाटली कुणी उचलली, बटण कुणी दाबलं? तो हात सापडला की आपला राग निवतो. हा न्याय आहे का?

गप्प यंत्र

'यंत्र बंद आहे' हे वाक्य पुन्हा वाचा. ते खोटं होतं. पण ते एखाद्याला खरं का वाटू शकतं?

रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राचं चुंबक अतिवाहक तारांचं असतं आणि ते द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेलं असतं. दीड टेस्लाचं असेल तर त्याची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. ते रात्री चालू असतं, रविवारी चालू असतं, खोलीतले दिवे मालवलेले असले तरी चालू असतं. तपासणीच्या वेळी जो ठकठक आवाज येतो तो या मुख्य चुंबकाचा नव्हे. आतली दुसरी वेटोळी काम करू लागली की तो येतो. तपासणी संपली की आवाज थांबतो आणि चुंबक तसंच ओढत राहतं.

म्हणजे हे यंत्र सर्वांत निवांत दिसतं तेव्हाही तेवढंच धोकादायक असतं. आवाज थांबला म्हणजे यंत्र बंद पडलं, हे आपल्याला पंख्यानं, मिक्सरनं, पाण्याच्या पंपानं जन्मभर शिकवलेलं आहे. एमआरआय ती शिकवण मोडतो आणि तसं स्वतः कुठेही सांगत नाही. ते सांगायचं काम दारावरच्या पाटीवर आणि प्रशिक्षणावर सोडलेलं असतं. पाटी वाचायला मन जाग्यावर लागतं. श्वास अडकलेल्या आपल्या माणसाला घेऊन धावणाऱ्याचं ते नसतं.

माणूस आणि यंत्र यांची गाठ जिथे पडते त्या जागेचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला 'ह्युमन फॅक्टर्स' म्हणतात. त्याचं मूळ गृहीतक साधं आहे. माणूस दमतो, घाई करतो, विसरतो, सवयीनं हात चालवतो, आणि हे बदलणार नाही. मग यंत्र, खोली, बाटली, दरवाजा अशा माणसाला धरून बनवा. पायरीवर रोज कुणी ना कुणी ठेचकाळत असेल तर चालणाऱ्यांना शिव्या देण्याआधी पायरी मोजा.

नायरच्या घटनेत पायरी मोजायची संधी आधीच येऊन गेली होती, आणि तीही दोनदा. २००१ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात, सहा वर्षांचा मुलगा एमआरआयमध्ये असताना ऑक्सिजनचं सिलिंडर आत आणलं गेलं आणि त्याच्या माऱ्यानं तो मुलगा गेला. त्यानंतर तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. एमआरआयच्या परिसराचे चार टप्पे पाडायचे आणि तपासल्याशिवाय कुणाला पुढच्या टप्प्यात सोडायचं नाही. लोखंड ओळखणारे दरवाजे आणि चुंबकाला न चिकटणारी अ‍ॅल्युमिनियमची सिलिंडरं बाजारात मिळतात.

दुसरी संधी तर घराजवळची. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेलं आणि दोन कर्मचारी यंत्र आणि सिलिंडर यांच्या मध्ये सुमारे चार तास अडकून पडले. चुंबकत्व तातडीनं घालवायचं बटण ऐन वेळी कामाला आलं नाही. दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. ही बातमी देशभर छापून आली होती. त्यानंतर तीन वर्षं आणि काही आठवड्यांनी, त्याच महानगरात, नायर घडलं.

आता सांगा, चूक वॉर्डबॉयच्या त्या एका वाक्यात होती, की त्या तीन वर्षांत?

बिनपगारी कर्मचारी

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सिलिंडर उचलणारा माणूस रुग्णालयाचा नोकर नव्हता. तो पेशंटचा नातेवाईक होता.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं सरकारी रुग्णालय आहे, ज्याला सगळे टेंभा म्हणतात. पण आजार मोठा निघाला की इथल्या साध्या घरातला माणूस अजूनही मुंबईची वाट धरतो. कांदिवलीचं शताब्दी, नाहीतर सरळ नायर किंवा केईएम. तिथे पोहोचल्यावर नातेवाइकाची नोकरी सुरू होते. स्ट्रेचर ढकलायचं, रक्ताची नळी लॅबमध्ये पोहोचवायची, बाहेरून औषध आणायचं, सलाइन संपत आलं की सिस्टरना हाक मारायची आणि गरज पडली तर सिलिंडर उचलायचं. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांचा गाडा या बिनपगारी माणसांच्या खांद्यावर चालतो. ती एक दिवस आली नाहीत तर अर्धे वॉर्ड अडून बसतील.

तरीही यंत्र विकत घेताना, खोली बांधताना, नियम लिहिताना हा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. कागदावर एमआरआयच्या दारात प्रशिक्षित तंत्रज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि प्रशिक्षित अटेंडंट असतात. प्रत्यक्षात तिथे काल रात्रभर न झोपलेला भाचा, जावई किंवा मुलगा असतो. ज्यांच्याकडून आपण रोज काम करून घेतो त्यांना आराखड्यात जागाच न देणं, ही विस्मृती नव्हे. तो निर्णय आहे, फक्त त्यावर कुणाची सही नाही.

बाटलीवरचा चौकोन

मुंबईतून यवतमाळ जिल्ह्यात जाऊ. तिथे यंत्र नाही, गर्दी नाही, अंगणवाडीतली एक छोटी बाटली आहे.

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा दिवस होता. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सुदैवानं सगळी बरी झाली. तीन आरोग्य कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. समाजमाध्यमांवर हसणं आणि शिव्या दोन्ही झालं: 'एवढंही कळत नाही?'

कळत होतंच. सॅनिटायझर आणि लस यांतला फरक त्यांच्याइतका आपल्यालाही कळत नसेल. पण करोनाच्या त्या वर्षात लसीच्या शेजारी सॅनिटायझर असणं नेहमीचं झालं होतं. त्याआधी कित्येक वर्षं त्या हातांना एकच सवय होती: टेबलावरची छोटी बाटली म्हणजे लस. नवी वस्तू जुन्या जागेत आली आणि कुणी थांबून विचारलं नाही, की आता इथे काय गफलत होऊ शकेल?

गंमत अशी, की त्याच पोलिओच्या बाटलीवर रचनेचा एक अस्सल नमुना असतो. पोलिओची तोंडी लस उष्णतेनं निकामी होते आणि निकामी झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. १९९६ पासून या बाटल्यांवर एक खूण आली: एका गोलात एक चौकोन. बाटली जितकी तापेल तितका चौकोन काळपट होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस द्या, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर टाकून द्या. अक्षरओळख नको, थर्मामीटर नको, वरिष्ठांना फोन नको. पाड्यावरच्या कार्यकर्तीच्या हातात तिच्याच डोळ्यांनी ठरवायची ताकद आली.

ती खूण बनवणाऱ्यांनी कार्यकर्तीवर अविश्वास दाखवला नाही आणि तिला 'काळजी घ्या' असा उपदेशही केला नाही. वर्षानुवर्षं डोकं लावून तिचं काम सोपं केलं. उष्णतेच्या बाबतीत कुणीतरी एवढा विचार केला होता. टेबलावर दुसरी बाटली आली तेव्हा मात्र तो कुणी केला नाही.

घड्याळ कुणाच्या हातात?

या दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की मला एक मोजमाप सुचतं. जबाबदारी मोजायची असेल तर आधी हे विचारा: विचार करायला कुणाकडे किती वेळ होता?

सिलिंडर घ्यायचं की नाही हे ठरवायला दारातल्या माणसाकडे काही सेकंद होते. त्या दिवशीची पाळी लावणाऱ्याकडे काही तास होते. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं की नाही, अ‍ॅल्युमिनियमची सिलिंडरं घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या खरेदी विभागाकडे काही महिने होते. यंत्र बनवणाऱ्यांकडे वर्षं होती. आता शिक्षेची यादी उलटीकडून वाचा. ज्याच्याकडे सेकंद होते तो कोठडीत जातो. ज्याच्याकडे तास होते त्याला नोटीस मिळते. महिनेवाला चौकशी समितीवर बसतो. वर्षंवाल्याचं नावही बातमीत येत नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात ते हेच. ज्याला थांबून विचार करायची फुरसत होती, शांत खोली होती, पगार होता, आधीच्या अपघातांची माहिती मिळवायची सोय होती, त्याची नैतिक जबाबदारी जास्त. ज्याच्या हाती फक्त क्षण होता, त्याची कमी. शून्य नव्हे, कमी.

ज्यांच्याकडे वेळ असतो ते तो वापरतात तेव्हा काय होतं याचं उदाहरण ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडची छोटी सिलिंडरं जोडतात. अदलाबदल झाली तर पेशंट दगावेल. म्हणून गेल्या शतकाच्या मध्याला एक युक्ती निघाली. सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं आणि यंत्राच्या जोडावर दोन खुंट्या. प्रत्येक वायूसाठी त्यांची जागा वेगळी. चुकीचं सिलिंडर लावायला गेलात तर ते बसतच नाही. भूलतज्ज्ञ कितीही थकलेला असो, सिलिंडर जोडताना त्या खुंट्या त्याच्याऐवजी जाग्या असतात.

तरीही मे २०१६ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात दोन बालकांचा ऑपरेशन थिएटरमध्ये मृत्यू झाला, कारण भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड येत होता. नळ्या जोडतानाच अदलाबदल झाली होती. टेबलाशी उभ्या असलेल्या माणसांनी ऑक्सिजनच चालू केला होता. इथे शेवटचा हात बरोबर होता आणि तरी मुलं गेली. चूक आधीच भिंतीत बसवून ठेवलेली होती.

'यंत्रणेचा दोष' ही पळवाट नाही का?

आता दोन हरकती. दोन्ही वजनदार आहेत.

पहिली हरकत मृताच्या घरच्यांची: 'माझं माणूस गेलं. मला शास्त्र सांगू नका, गुन्हेगार दाखवा.' या रागासमोर 'यंत्रणेचा दोष होता' हे वाक्य क्रूर वाटतं, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ कुणीच दोषी नाही असा होतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला, भाईंदरहून खाडी ओलांडून चार स्टेशनं पुढे, विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागून तेरा करोना रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा. एका वर्षात तीन आगी, समित्या आणि अहवाल. 'यंत्रणा' हा शब्द ऐकून लोकांच्या तोंडाला फेस येत असेल तर नवल नाही.

पण त्या वर्षीच्या अटका पाहा. नगरच्या आगीनंतर अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. आग लागली तेव्हा कोण कुठे होतं, हा प्रश्न रास्तच आहे. पण वॉर्डातली वीज कशी खेळवली होती, किती भार सोसेल, धूर कुठून बाहेर जाईल, दुसरा दरवाजा होता का, या प्रश्नांची उत्तरं परिचारिकेच्या हातात कधीच नसतात. विरारमध्ये व्यवस्थापनातल्या माणसांना अटक झाली, म्हणजे वर पाहता येतच नाही असं नाही.

महाराष्ट्राला याचा जुना धडाही ठाऊक आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. शेवटचा हात शोधायचा तर तो औषध पाजणाऱ्या परिचारिकेचा होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं तिथे थांबायचं नाकारलं. ते ग्लिसरीन कुणी पुरवलं, कुणी मागवलं, कुणी तपासलं आणि कुणी तपासल्यासारखं केलं, हे धागे पकडत आयोग पुरवठादारांपासून रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांपर्यंत, अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत गेला.

म्हणजे मुळाशी जाणं ही पळवाट नाही. ती वाट शेवटपर्यंत चाललं तर दोषींची संख्या कमी होत नाही, वाढते. प्रत्येक यंत्रणेत कागद असतात आणि कागदांवर सह्या असतात. दोन निविदांपैकी स्वस्त निविदा कुणी निवडली? सुरक्षेची तपासणी न करता 'तपासलं' असं कुणी लिहिलं? आधीच्या अपघाताचं पत्र कुणाच्या टेबलावर पडून राहिलं? शेवटच्या हाताच्या आधी कुठेतरी पहिली सही असते. शोकात बुडालेल्या कुटुंबाला मी हेच सांगेन: तुम्हाला माणूस हवा ना, मग चारपाच मागा. एकावर समाधान मानू नका, कारण तो एक तुम्हाला मुद्दाम लवकर दिला जातो.

दुसरी हरकत उलट बाजूची: 'असं बोलत राहिलात तर कुणी काळजीच घेणार नाही. हात चालवणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?' आहे. पण सगळ्या चुका एका मापानं मोजता येत नाहीत. दमलेल्या हातानं चुकीची बाटली उचलणं ही गफलत आहे. तिच्यावर शिक्षा चालत नाही, कारण ती कुणी ठरवून करत नाही. 'रोज असंच करतो, काही होत नाही' म्हणून नियम वळवणं ही सवय आहे. तिथे शिकवण हवी आणि नियम पाळणं एवढं अवघड का झालंय याचा शोधही हवा. आणि धोका स्पष्ट दिसत असताना त्याच्याकडे पाठ फिरवणं ही बेपर्वाई आहे. तिथे शिक्षा हवीच. एकच कसोटी वापरून पाहा: तितकंच शिकलेला, तितकाच प्रामाणिक दुसरा माणूस त्या जागी उभा असता तर त्याच्याकडूनही हेच झालं असतं का? उत्तर 'हो' असेल तर माणूस बदलून काही साधणार नाही. 'नाही' असेल तर खुशाल त्याला जाब विचारा.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी माणसांच्या चुकांना डासांची उपमा दिली होती. एकेक मारत बसलं तरी ते येतच राहतात, डबकं काढायला हवं. खाडी आणि मिठागरांच्या कुशीत वसलेल्या मीरा-भाईंदरला हे समजावून सांगायची गरज नाही. धुराचं यंत्र गल्लीतून फिरून गेलं की तासाभरानं काय होतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

दोन वर्षं आणि पाच वर्षं

कायदा याकडे कसा पाहतो? २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' हा निकाल दिला. योगायोग असा, की त्या खटल्याच्याही मुळाशी ऑक्सिजनचं सिलिंडरच होतं. लुधियानाच्या रुग्णालयात १९९५ मध्ये एका रुग्णाला श्वास लागला. सिलिंडर आणलं तर ते रिकामं. दुसरं आणलं तर ते चालू करायची सोय नाही. त्यात काही मिनिटं गेली आणि रुग्णही. न्यायालयानं डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला. भरलेलं सिलिंडर उपलब्ध नव्हतं, याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्याखाली जबाबदार असू शकेल, असं म्हटलं. साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा यांतला फरक न्यायालयानं नीट सांगितला आणि डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं.

हा शहाणपणा आहे. पण तो कुणापर्यंत पोहोचतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमानुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय उपचार करताना असं घडलं, तर मात्र दोन वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात कमाल शिक्षा सगळ्यांसाठी दोनच वर्षं होती. डॉक्टरांना मिळालेली ही सवलत मला चुकीची वाटत नाही. प्रश्न असा आहे, की ती परिचारिकेला नाही, तंत्रज्ञाला नाही, वॉर्डबॉयला नाही, आशाताईला नाही. एकाच खोलीत, एकाच पेशंटपाशी, एकाच रात्री दोघांच्या हातून चूक झाली, तर ज्याचं शिक्षण, पगार आणि अधिकार कमी त्याला जास्त कैद होऊ शकते. सेकंद ज्याच्या हाती, त्याच्याच पदरी वर्षं जास्त.

याचा एक परिणाम आकड्यांत कधीच दिसणार नाही. कोठडीची भीती असलेला माणूस चूक लपवतो. चुकीचं इंजेक्शन भरलं, पण देण्याआधी लक्षात आलं, हे तो कुणाला सांगत नाही. खरं तर रुग्णालयातली सगळ्यात मोलाची माहिती तीच असते, कारण तिथे कुणाचा जीव गेलेला नसतो आणि डबकं कुठे आहे ते कळलेलं असतं. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. पण नोंद करणाऱ्याला आधी स्वतःची नोकरी आठवत असेल, तर त्या वहीत काय येणार?

आपल्याही घरात

हे सगळं रुग्णालयाचं झालं, असं समजून सुटका नाही. रुग्णालय आता घरी आलं आहे. मीरा रोडच्या कुठल्याही इमारतीत चार दारं वाजवा, एका घरात ग्लुकोमीटर निघेल, दुसऱ्यात रक्तदाब मोजायचं यंत्र, तिसऱ्यात करोनात घेतलेला ऑक्सिमीटर. आणि बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारात इन्सुलिन.

त्या इन्सुलिनकडे नीट पाहा. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरमध्ये ४० युनिटचं असतं, पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० साठी लाल टोपण, १०० साठी नारिंगी. समजा रात्री पेन बिघडलं आणि कुणी काडतुसातलं औषध घरात असलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तेही अगदी काळजीपूर्वक वीसच्या रेघेपर्यंत. आजीच्या शरीरात वीस नव्हे, पन्नास युनिट जातील. रक्तातली साखर एवढी खाली येईल की जीवावर बेतेल. इथे निष्काळजी कोण होतं? ज्यानं चष्मा लावून रेघ मोजली तो? लाल आणि नारिंगी हे दोन रंग रात्रीच्या पिवळ्या दिव्यात किती वेगळे दिसतात, हे ज्यांनी ठरवायचं होतं ते त्या वेळी झोपलेले असतील.

म्हणून घरातही तोच नियम. 'नीट बघत जा' असं बजावण्यापेक्षा दोन्ही प्रकार एका घरात ठेवूच नका. औषध बदललं की जुन्या सिरिंजा त्याच दिवशी बाहेर काढा. पिण्याच्या बाटलीत फिनेल भरू नका. आजोबांच्या दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांपैकी एकीच्या डबीला रबर लावा. आपल्या घरापुरती पहिली सही आपली असते आणि विचार करायला वेळही आपल्याचकडे असतो.

आणि घराबाहेर? पुढच्या वेळी अशी बातमी मोबाइलवर येईल, ती येईलच, तेव्हा 'त्याला फाशी द्या' लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहा. हे याआधी कुठे घडलं होतं? तेव्हा ज्यांना कळलं, त्यांनी काय केलं? आणि आज अटक झालेला माणूस घरी बसला तरी उद्या सकाळी त्याच्या जागी येणाऱ्याकडून हेच घडू शकतं का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर ती खोली, ती बाटली, ती नळी अजून तशीच आहे. आणि उद्या सकाळी भाईंदरहून निघालेला कुणीतरी भाचा, त्याच दारात, हातात कुणी दिलेली वस्तू घेऊन उभा असेल.